हॅलोमिर बुडवण्याचं काम

११ जानेवारी १९८८, सोमवार

आमच्या साहेबाने, व्हर्नने, आज सकाळी खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. नऊ वर्षांत त्याने माझ्यासमोर दार लावलेलं हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा लावलं होतं तेव्हा आमचा लेखक ओरिन प्रॅट नोकरी सोडून गेल्याची बातमी होती.

“दुसरी आवृत्ती काढायची ठरलीय,” तो म्हणाला. “ड्रोवेनचा काळ वीस वर्षं पुढे न्यायचा. नवे राजे, नव्या लढाया. आणि हॅलोमिर बुडवायचा.”

“कशात बुडवायचा?”

“समुद्रात, मार्लिस. कशात म्हणजे काय? समुद्राकाठचा सखल देश आहे, बुडाला तर कोणी नवल करणार नाही.”

कारण असं. ड्रोवेन हे आमच्या खेळातलं जग; टेबलाभोवती बसून, फासे टाकून लोक तो खेळतात आणि त्याची पुस्तकं आमची कंपनी छापते. त्यातला हॅलोमिर हा उत्तरेचा देश ओरिनने एकट्याने उभा केला. जाताना त्याने कुठल्याच कागदावर सही केली नाही. तो देश त्याचा की कंपनीचा, हे आता वकिलालाही सांगता येत नाही. देशच पाण्याखाली गेला की भांडणच मिटतं.

“अर्ध्या पानात आटप,” व्हर्न म्हणाला. “तूच लिही. तुझ्याइतकं ते जग कुणाला पाठ आहे?”

मी बरं म्हणाले. काम आहे, ते करायचं.

ओरिनबद्दल मला काहीही वाटत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. कोणी निरोप न घेता जातं म्हणून आपण त्याच्याबद्दल काही वाटून घ्यावं असं नाही.

१२ जानेवारी

हॅलोमिरचा खण बाहेर काढला. सहाशे त्रेचाळीस कार्डं. इथे यायच्या आधी मी जिल्ह्याच्या जमीन-नोंदणी कचेरीत होते, तिथली सवय. ड्रोवेनमधल्या प्रत्येक गावाचं, नदीचं, देवाचं, माणसाचं एकेक कार्ड माझ्याकडे आहे. कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, डोळे कुठल्या रंगाचे. लेखक विसरतात. कार्ड विसरत नाही.

हॅलोमिरमध्ये नाव असलेली माणसं दोनशे बारा.

अर्ध्या पानात दोनशे बारा माणसं बुडवायची म्हणजे एका ओळीत सात-आठ जण.

रात्रीच्या जेवणाला आर्डिसला सांगितलं. आर्डिस माझी थोरली बहीण. तिचा नवरा गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. तिने बटाट्यावर लोणी घातलं आणि म्हणाली, “म्हणजे नसलेल्या देशातली नसलेली माणसं नसलेल्या पाण्यात बुडणार, आणि तू तोंड पाडून बसलीयेस.”

“मी तोंड पाडलेलं नाही.”

“तुझ्या केसांत दोन पेन्सिली खोचलेल्या आहेत, मार्लिस. तू चिडलीस की दोन होतात.”

१९ जानेवारी

अर्धं पान लिहिलं. ‘एका रात्रीत समुद्र उसळला आणि हॅलोमिर नाहीसा झाला.’ वाचलं. फाडलं.

सखल देश एका रात्रीत जात नाही. त्याला बांध असतात. बांध आधी पाझरतो. मग विहिरी खारट होतात. मग कोणीतरी गाई विकायला काढतो आणि शेजारी त्याला भित्रा म्हणतात. ओरिनने त्या बांधांची लांबी मैलात दिली आहे, कुठल्या भागात दगड आणि कुठे नुसती माती तेही दिलं आहे. त्यावरून हिशेब मांडला तर पाणी यायला चार वर्षं लागतात.

चार वर्षांत माणसं काय करतात? निघतात.

म्हणून ठरवलं. दोनशे बारांपैकी प्रत्येकाचं काय झालं ते लिहायचं. व्हर्नला आत्ताच सांगायचं नाही.

३ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत रोज आठ-नऊ कार्डं. आज सत्त्याण्णव झाली.

दीपस्तंभाचा राखणदार पाण्याला भितो, असं पहिल्या पुस्तकात आहे. त्याला वाळवंटात पाठवला. तिथे तो आता काफिल्यांसाठी दिवा लावतो. दोन गावांत दोन संसार असलेला पाववाला एकाच नावेत दोन्ही बायकांसमोर आला. ते लिहिताना मी एकटीच हसले आणि शेजारच्या खोलीतून चित्रकार डोकावून गेला.

आणि ओस्मुंड. तो बांधराख्या. मी त्याला तीन दिवस बाजूला ठेवत होते. कुठूनही हिशेब केला तरी शेवटचा आठवडा बांधावर कोणीतरी उभं राहायला लागतं, नाहीतर पूर्वेकडचे लोक निघूच शकत नाहीत. आज दुपारी लिहिलं. मग हात धुवायला गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. सँडविचमध्ये कांदा जास्त होता.

हे सगळं मूर्खपणाचं आहे का, असा प्रश्न पडतो. असेल. पण अर्धवट तर मी कुठलंच काम सोडलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

‘म’च्या कार्डांत एक बाई सापडली, मेरेल नावाची नावाडीण. ओरिनने कंपनी सोडली त्याच आठवड्यात हिचा मजकूर दिलेला दिसतो, शहाऐंशीच्या नोव्हेंबरात. मी तेव्हा फक्त शुद्धलेखन तपासून कार्ड लावून टाकलं होतं. आज नीट वाचलं.

‘मेरेल नदी ओलांडून देते. अंबाड्यात हाडाची सुई खोचलेली. प्रवाशाने गावाचं नाव चुकीचं उच्चारलं तर होडी मध्येच थांबवते आणि बरोबर म्हणायला लावते. तिच्या नावेत बसून कोणी हरवलेलं नाही. तिला कोणी कधी विचारत नाही की तिला पलीकडे कुठे जायचंय का.’

कोण सहन करणार असल्या बाईला? लोकांचे पाय ओले होताहेत आणि ही उच्चार सुधारतेय.

घरी आर्डिसला वाचून दाखवलं. ती मोठ्याने हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“तो गेला त्या आठवड्यात लिहिलं हे?”

“हो.”

“आणि तू शुद्धलेखन तपासलंस.”

“तेच माझं काम आहे. एक चूक होती, ‘अंबाडा’मध्ये.”

“अगं, तू खरंच इतकी…”

“इतकी काय?”

“काही नाही. कॉफी घे.”

आर्डिसचं हल्ली असंच चाललंय, अर्धं बोलते. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१ मार्च

व्हर्नपुढे एकसष्ट पानं ठेवली.

“हे काय आहे?”

“अर्धं पान.”

त्याने दहा मिनिटं चाळलं. मग चष्मा काढला. “मार्लिस, लोक तलवारी घेऊन राक्षस मारायला बसतात. त्यांना निर्वासितांची यादी कशाला हवीय?”

“यादी नाहीये ती. यातले एकशे चौऱ्याण्णव जण जिवंत आहेत आणि बाकीच्या सहा देशांत पसरलेत. दक्षिणेच्या बंदरात आता हॅलोमिरची गल्ली आहे. डोंगरातल्या राजाच्या पदरी हॅलोमिरचा वैद्य आहे आणि राजाला त्याचा संशय येतो. तुला नव्या आवृत्तीत प्रत्येक देशात काहीतरी नवं हवं होतं ना? घे. एकेका माणसामागे एकेक गोष्ट आहे.”

त्याने चष्मा पुन्हा लावला. व्हर्न वाईट माणूस नाही. त्याला चांगलं काम कळतं, फक्त कळायला उशीर लागतो.

“चोवीस पानं देतो,” तो शेवटी म्हणाला. “बारीक टाइप.”

“तीस.”

“अठ्ठावीस. आणि पुन्हा माझ्याशी…” तो मध्येच थांबला. “थांब. ही सगळी नावं ओरिनची आहेत.”

हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. देश बुडवून उपयोग काय, माणसं वर काढली तर भांडणही त्यांच्याबरोबर वर येतं. वकिलाला फोन झाला. त्याचं म्हणणं, नावं बदला नाहीतर सगळं काढून टाका, आणि प्रॅटशी कोणीही बोलायचं नाही.

“नावं बदल,” व्हर्न म्हणाला. “ओस्मुंडचा डेस्मुंड कर.”

मी नाही म्हणाले.

“मग?”

“त्याला कोणी विचारलंय का?”

“कुणाला?”

“ओरिनला. सव्वा वर्ष झालं, तुम्ही सगळे वकिलाला विचारताय. ओरिनला कोणी विचारलं?”

व्हर्न खिडकीबाहेर बघायला लागला. त्याने मला जा म्हटलं नाही. पण जाऊ नकोस असंही म्हटलं नाही.

१२ मार्च, शनिवार

हे सविस्तर लिहायला हवं.

ओरिन मिसिसिपीच्या काठी राहतो, इथून अडीच तास. रस्ता कोरडा होता, शेतांत बर्फाचे तुकडे उरलेले. फोन करून जायला हवं होतं, पण फोनवर तो नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं? आर्डिसने निघताना माझ्या अंगावरचा तपकिरी कोट काढून घेतला आणि तिचा निळा घातला. का, ते कळलं नाही. तपकिरी जास्त उबदार आहे.

तो आता पियानोचे सूर जुळवतो. दुकानात चार उघडे पियानो होते आणि मधोमध तो, कानाशी हात धरून. मला बघून त्याने हातातली तारा पिळायची किल्ली खाली ठेवली. मग उचलली. मग पुन्हा ठेवली.

“मार्लिस.”

“तुझा देश बुडवलाय,” मी म्हणाले. “वाचून घे.”

तो उभ्यानेच वाचायला लागला. मला स्टूल दिलं, कॉफी दिली, आणि दोन तास एकसष्ट पानं उभ्याने वाचली. मी मधल्या वेळात त्याच्या कपाटातल्या सुरांच्या पुस्तिका क्रमाने लावून ठेवल्या. फार वाईट अवस्थेत होत्या.

“ओस्मुंडला मारलंस,” तो म्हणाला.

“कोणीतरी बांधावर राहायलाच हवं होतं.”

“बरोबर आहे. माझं ते धाडस झालं नसतं.” त्याने पानं मागे उलटली. “चार वर्षं कुठून काढलीस?”

“तूच बांधांची लांबी दिली होतीस.”

“ती मी मनाला येईल तशी टाकली होती.”

“बरोबर बसली.”

तो हसला. मग मागची पानं पुन्हा काढून म्हणाला, “मेरेलला दक्षिणेला पाठवलंस.”

“शेवटची खेप झाल्यावर. सगळे पार झाले की ती निघते.”

“एकटी?”

“तिच्याबरोबर कोण राहील, ओरिन? ती माणसांना बोलूच देत नाही.”

तो खिडकीशी गेला. बाहेर नदीवर बर्फ फुटत होता, त्याचा आवाज येत होता. “एकजण होता,” तो म्हणाला. “बांध मोजणारा. रोज तिच्या नावेतून जायचा. काम नसलं तरी जायचा. बोलायला घाबरायचा. त्याला पाठव तिच्याबरोबर.”

“असा माणूस कुठल्याही पुस्तकात नाही. त्याचं कार्ड नाही.”

“नसेल. आता कर.”

मी पर्समधून कोरं कार्ड काढलं. “नाव?”

त्याने कार्ड हातात घेतलं आणि परत दिलं. “नाव राहू दे.”

“बिननावाचं कार्ड मला कुठे लावता येईल?”

“मग लावू नकोस. तुझ्याजवळ ठेव.”

तेव्हा मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. “निरोप न घेता का गेलास?”

“घेतला होता. तू वाचला नाहीस.”

“मी तुझं एकूण एक अक्षर वाचलंय!”

“हो,” तो म्हणाला. “शुद्धलेखन तपासतेस.”

मी त्याच्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. हॅलोमिर आणि त्यातली माणसं कंपनीने वापरायला हरकत नाही, अशा चार ओळी. त्याने पेन घेतलं आणि एक ओळ स्वतःच्या हाताने खाली जोडली. ‘अट: हॅलोमिरच्या प्रकरणावर दोघांची नावं. ओरिन प्रॅट आणि मार्लिस ट्वेट.’

“माझं नाव कशाला? मी संपादन करते.”

“एकशे चौऱ्याण्णव माणसांना तू बाहेर काढलंस. मी फक्त जन्माला घातलं होतं.”

मग सही केली.

परतताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ते बिननावाचं कार्ड कुठे लावायचं? ‘ब’मध्ये, बांध मोजणारा म्हणून? शेवटी पर्समध्येच राहिलं आहे.

१४ मार्च

वकील ओरडला, मग व्हर्न ओरडला, मग वकिलाने कागद पुन्हा वाचला आणि दोघं शांत झाले. अठ्ठावीस पानं पक्की.

व्हर्न जाता जाता म्हणाला, “कसा आहे तो?”

“केस पिकलेत. सुरांच्या पुस्तिका अव्यवस्थित.”

“माझ्याबद्दल काही म्हणाला?”

“नाही.”

“हं,” व्हर्न म्हणाला. त्याला वाईट वाटलं बहुतेक. ते दोघं शाळेपासूनचे मित्र आहेत, हे मी विसरते.

१० एप्रिल, रविवार

ओरिनचा फोन. दक्षिणेच्या बंदरात भरती किती वाजता येते, असं विचारत होता. मागच्या रविवारी विचारलं, वाळवंटातले काफिले शनिवारी चालतात का. त्याच्या आधीच्या रविवारी काय होतं ते विसरले. ही सगळी माहिती त्याच्याकडच्या पुस्तकांत आहे, पान नंबरांसकट. मी तसं सांगते. तरी बोलणं तासभर चालतं.

फोन वाजला की आर्डिस विणकाम उचलून दुसऱ्या खोलीत जाते. मी म्हटलं, बस की, काही खाजगी नाहीये. ती म्हणाली, “हो ना. भरतीचं वेळापत्रक.”

२७ मे

छापून आलं. पान एकशे चार. माझं नाव दुसरं आहे, अक्षरांच्या क्रमाने तेच योग्य. आर्डिसने पुस्तक शेजारणींना दाखवायला नेलं आहे. त्यांना त्यातलं काही कळणार नाही, पण पान एकशे चार उघडं ठेवून फिरतेय म्हणे.

८ जुलै

खेळणाऱ्यांची पत्रं यायला लागली. पहिल्या आठवड्यात तेहतीस. त्यातली सत्तावीस शिव्यांची. ‘तुम्हाला कुणी अधिकार दिला?’ ‘माझा किल्ला तिथे होता.’ एकाने फक्त एवढंच लिहिलंय: ‘मी अकरा वर्षांचा असल्यापासून तिथे राहत होतो.’

व्हर्न म्हणतो, पत्रं आली म्हणजे पुस्तक चालतंय. मी प्रत्येकाला उत्तर लिहायचं ठरवलं आहे. काय लिहायचं ते अजून सुचत नाही. मी लोकांना बाहेर काढलं म्हणून खूश होते. बुडवणारीही मीच आहे, याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

ओरिनला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, “खेळणाऱ्यांच्या ऑगस्टमधल्या मेळाव्याला स्वतः जा. समोर उभी राहा.”

“मी कधी जात नाही. तिथे व्हर्न जातो.”

“मी येईन बरोबर.”

रागावलेले लोक समोर असताना दोन लेखक असलेले बरे, हे त्याचं म्हणणं पटलं.

२० ऑगस्ट, शनिवार, मिलवॉकी

हॉटेलच्या खोलीत लिहितेय. हात दुखतोय.

सकाळपासून आमच्या टेबलाशी उभी होते. हजारो माणसं, त्यातले कितीतरी लोखंडी टोप घातलेले. शिव्या देणारे आले. मी ऐकून घेतल्या. ओरिनने ओस्मुंडवरून एकाशी वादही घातला, आणि माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली.

दुपारी एक जोडपं आलं. मॅकी आडनावाचं, उत्तर मिशिगनहून, पंचेचाळिशीचं. ती, बेव्ह, नर्स. तो, टॉइवो, दाराएवढा, दाढीवाला. खाणीत होता, ती बंद पडली. बेव्हच्या हातात फुगलेली वही होती.

“अठ्ठावीस पानं तुम्ही लिहिलीत?” तिने विचारलं.

“आम्ही दोघांनी.”

“चांगली आहेत. सगळ्यांचं लिहिलंत. पण आमच्या लोकांचं काय झालं?”

“तुमच्या म्हणजे?”

तिने वही उघडली. सहा वर्षं ते दर रविवारी खेळतात. पाचजण टेबलाभोवती. टॉइवो गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, फासे पडतील तसं पुढे घडतं. खाण बंद पडली त्या हिवाळ्यात सुरू केलं. हॅलोमिरच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं एक खेडं आहे. आमच्या नकाशावर तिथे काहीच नाही. वहीत एकशे साठ माणसं होती. नावं, धंदे, सोयरिकी, भांडणं.

“ही माझ्या दिराची,” बेव्हने काही नावांवर बोट ठेवलं. “तो टेक्सासला गेला कामाला. त्याची माणसं आम्ही सांभाळतो. पुस्तक आलं तेव्हा आम्ही ठरवलं, बुडणार तर बुडणार, पण आपणही चार वर्षांत सगळ्यांना काढायचं. एकशे एकोणसाठ काढले.”

“मला हे माहीतच नव्हतं,” मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. दोनशे बारा म्हणजे सगळे, असं मी समजत होते.

“एक म्हातारी राहिलीय,” टॉइवो म्हणाला. “हिल्या. घर सोडत नाही. तीन रविवार झाले, सगळे समजावून थकले. बेव्हने तर तिच्या पायाही पडून पाहिलं.”

“तिचं तूच बोलतोस ना?” बेव्ह त्याच्यावर उखडली. “मग ऐक की माझं!”

“मी काय करू? ती ऐकत नाही.”

“फासे टाकले का?” मी विचारलं.

“तिच्यावर फासे टाकायचे नाहीत असं आमचं ठरलंय.”

मागच्या बाजूला एक रिकामं टेबल होतं. ओरिनने चार खुर्च्या ओढल्या आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी नऊ वर्षं या खेळाची पुस्तकं तपासली. एकदाही खेळायला बसले नव्हते. काय म्हणायचं असतं, कसं सुरू करायचं असतं, काही माहीत नव्हतं.

बसले.

“पाणी कुठवर आलंय?” मी विचारलं.

“कुंपणापर्यंत,” टॉइवो म्हणाला. मग त्याने खांदे पाडले, तो एवढा मोठा माणूस एकदम लहान झाला, आणि बारीक, चिडक्या आवाजात म्हणाला, “कोण आहे? पुन्हा समजवायला आलात? मी कुठेही येणार नाही.”

मला समजवायचं काही सुचेना. तीन रविवार सगळ्यांनी तेच केलं होतं. पर्समध्ये हात घातला, कोरी कार्डं होती ती काढली.

“हिल्याआजी,” मी म्हणाले, “मी समजवायला आले नाही. लिहून घ्यायला आलेय. घरात काय काय आहे ते सगळं सांगा. एकही वस्तू सुटायला नको.”

टॉइवो दाढीवर हात फिरवत कार्डांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की त्या म्हातारीच्या, मला सांगता येणार नाही.

“सगळं?” त्या आवाजाने विचारलं.

“सगळं.”

“मग आधी कोंबड्या लिही.”

“किती?”

“अकरा. आणि एक लंगडी आहे, ती वेगळी लिही.”

मी लिहिलं.